उदातला धूर: बामणोदच्या भरतापासून नंदुरबारच्या पथाऱ्यांपर्यंत

उदाचं तेल खानदेशात निघत नाही. ते आसामात होजाईच्या आसपास निघतं आणि त्यापलीकडे कंबोडिया, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशियात. अगरूच्या खोडात अळ्या बोगदे पाडतात, त्या जखमेतून बुरशी शिरते आणि झाड स्वतःला वाचवायला गडद राळ तयार करतं. राळेनं भरलेलं ते लाकूड म्हणजे ऊद. त्याचा भुगा भिजवून, उकळून वाफेवाटे जे तेल काढतात ते दहनुल ऊद.

तरीही उदासाठी मी खानदेशात गेले. या तेलाबद्दल बोलताना 'धुरकट' हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी असतो, पण कुठला धूर, हे कुणी सांगत नाही. आणि मला बरेच दिवस एक गोष्ट छळत होती. पाणी उकळतं 100 अंशांना. लाकडातून धूर निघायला त्याच्या दुपटीहून जास्त ताव लागतो. मग पाण्यात शिजलेल्या लाकडाच्या तेलात धूर येतो कुठून? हे समजून घ्यायला आधी नाकाला धुराची सवय हवी. हिवाळ्यातला खानदेश त्यासाठी उत्तम. शेताशेतात भरताच्या आगट्या पेटलेल्या असतात, सारंगखेड्याला घोडेबाजार भरलेला असतो, आणि बऱ्हाणपुरात अजूनही अत्तराचा फाया कानात ठेवून फिरणारी माणसं दिसतात.

गुरुवार: बामणोद

पुण्याहून रात्रीची गाडी, सकाळी भुसावळ. स्टेशनबाहेर पडले तर तोंडातून वाफ निघत होती. मैत्रिणीचं माहेर यावल तालुक्यात बामणोदला. तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात. थंडीनं पानं करपू नयेत म्हणून काही बागांच्या बांधावर पहाटे पेटवलेला काडीकचरा अजून धुमसत होता. या सहलीतला पहिला धूर हाच. ओला, पांढरा, डोळ्यांना झोंबणारा.

बामणोदचं वांगं म्हणजे भरताचं वांगं. हिरवट-पांढरं, लांबोडकं, एकेक पाव-अर्धा किलोचं. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण या गावांना त्याची थोरवी त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. मैत्रिणीच्या आईनं टोपलीतली दोन वांगी माझ्या दोन्ही हातांत दिली. "पाह्य पोरी, कोणतं हलकं लागतं? हलकं ते घ्यायचं. जड वांग्यात बिया."

संध्याकाळी शेतात गेलो. काकांनी पऱ्हाट्यांचा ढीग रचला. कापूस वेचून झाला की उरलेली ही वाळकी झाडं. खानदेशात भरीत खरं यांच्यावरच. काडी पेटल्यावर आधी पिवळट-पांढरा धूर उठला. मी वांगी उचलायला वाकले तर काकांनी हातानंच थांबवलं. "हा धूर जाऊ दे. हा कडू करतो." ज्वाळ स्वच्छ झाली, धूर जवळजवळ दिसेनासा झाला, तेव्हा वांगी आत गेली.

मी मुद्दाम वाऱ्याच्या दिशेला बसले होते. एकाच आगटीतून तीन वेगळे वास आले. सुरुवातीचा दमट धूर डांबरट, घशात बसणारा. वांग्याची साल काळी होऊन तडकली तेव्हाचा वास करपट, कोरडा. आणि वांगं बाहेर काढून साल सोलली तेव्हा आतल्या गरातून जो वास आला तो गोडसर, मऊ, किंचित लवंगेच्या अंगानं जाणारा. रसायनशास्त्रात याला नावं आहेत. लाकूड असो की पऱ्हाटी, तिला ताठ ठेवणारं लिग्निन तापून तुटलं की ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्यं सुटतात. धुराचा धूरपणा मुख्यतः यांचाच. लवंगेतलं युजेनॉल हे ग्वायाकॉलचं जवळचं भावंड, म्हणून लवंगेची आठवण येते. ज्वलन अर्धवट, दमट झालं की मात्र त्यांच्याबरोबर जड डांबरही येतं.

गर बडगीत गेला. लाकडी मुसळीनं ठेचताना वाफ तोंडावर येत होती. मग तेलात लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी आणि पुऱ्या दोन्ही. काकू वाढताना हात आखडत नाहीत, आणि नको म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही. जेवणानंतर हात धुतले, तरी रात्री गोधडीत शिरताना बोटांना धुराचा वास होता. आणि तो फक्त तिसरा, गोड धूर होता.

जाणार असाल तर: भरताचा हंगाम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. हॉटेलात विचारून घ्या, वांगी पऱ्हाट्यांवर भाजलीत की गॅसवर. चवीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओळखीनं शेतात जायला मिळालं तर दुसरं काही बघूच नका.

शुक्रवार: बऱ्हाणपूर

भुसावळहून रावेरमार्गे बऱ्हाणपूर रेल्वेनं तासाभराचं. आज हे शहर मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या काळात हीच खानदेशाची राजधानी होती. 1601 साली अकबरानं जवळचा असीरगड घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं. 1631 साली मुमताज महल इथेच वारली. रस्त्यात मराठी सर्रास ऐकू येते. रिक्षावाल्यानं भाडं हिंदीत सांगितलं आणि सुट्टे पैसे मराठीत मागितले.

अत्तराच्या दुकानात शुक्रवारी जायचं तर दुपारच्या नमाजाची वेळ टाळावी. त्याआधी अर्धा तास गिऱ्हाइकांची झुंबड असते, नमाज सुरू झाली की दुकानं बंद. आम्ही तीन वाजता गेलो. दुकान दोन माणसं बसतील एवढंच. मागच्या फळ्यांवर काचेच्या बुचांच्या कुप्या. चाचा सत्तरीचे असावेत. मी आज अंगाला काहीच लावलेलं नाही, पावडरसुद्धा नाही, हे सांगितल्यावर ते खूश झाले आणि मुलाला चहा आणायला पिटाळलं.

"धूर बघायचाय," मी म्हटलं.

त्यांनी तीन कुप्या काढल्या. पहिली आसामची, जिला बाजारात 'हिंदी' म्हणतात. थंडीनं तेल इतकं घट्ट झालं होतं की कुपी उलटी केली तरी थेंब हलेना. चाचांनी ती मुठीत धरली आणि बोलत बसले. पाच मिनिटांनी काचेच्या काडीचं टोक बुडवून माझ्या मनगटावर एक रेघ ओढली. गर्द तपकिरी, मधाइतकं दाट. पहिला वास आला तो गोठ्याचा. ओलं गवत, शेण, आंबलेला कडबा. मैत्रीण मागे सरली. चाचा शांतपणे म्हणाले, "ठहरो." हात खाली ठेवून चहा प्यायलो. पुन्हा मनगट नाकाशी नेलं तेव्हा गोठा मागे गेला होता, चामडं पुढे आलं होतं आणि त्याच्या आत कुठेतरी विझलेल्या चुलीचा धूर होता. अजून थोड्या वेळानं कडवट-गोड लाकूड.

दुसरी कुपी हुंगताच धूर. अंगावर येणारा, काळा, ठाम. तिसरी मातकट, थोडी मिरमिरीत, मुळांच्या वासाची, आणि तिलाही धुराची किनार.

दुसरीबद्दल चाचांनी काही लपवलं नाही. त्यात उदाचं तेल नावापुरतं होतं, बाकी चंदनाच्या नावाखालचं तेल आणि वर लाकडाच्या डांबराचा हात. भूर्जाच्या सालीचं डांबर किंवा केड नावाच्या ज्युनिपरच्या लाकडाचं तेल, ती साल किंवा लाकूड कोरडं जाळून काढतात. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या कनोजला मातीच्या भांड्यात लोबान, राळ कोरड्या तावावर जाळून 'चोया' काढतात, तोही याच कामाला येतो. तिसऱ्यात नागरमोथ्याचं तेल होतं. आपल्या शेतकऱ्याला रडवणाऱ्या लव्हाळ्याची ही भावकी. उदाचा भास निर्माण करायला जगभरचे अत्तरवाले हे तेल वापरतात आणि त्यात मला काही गैर वाटत नाही, बाटलीवर खरं लिहिलं असेल तर. "गिऱ्हाइक धुवाँ मागतं," चाचा म्हणाले, "आम्ही धुवाँ देतो. ऊद मागणारा महिन्यात एखादा."

हे ऐकून मला अबुल फजलची आठवण झाली. अकबराच्या दरबाराची माहिती देणाऱ्या 'ऐन-ए-अकबरी'त उदापासून चुवा नावाचं तेल काढायची रीत आहे. आठवडाभर भिजवलेले उदाचे तुकडे माती लिंपलेल्या बाटलीत भरायचे, बाटली उलटी टांगायची, तिचं तोंड खालच्या पाण्याला टेकवायचं आणि वरून शेणाचा मंद विस्तव द्यायचा. तेल ठिबकून पाण्यात जमतं. पुढची पायरी फार महत्त्वाची आहे: ते तेल पाण्यानं आणि गुलाबपाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचं, धुराचा वास निघून जाईपर्यंत. जितकं जास्त धुतलं तितकं तेल उत्तम. म्हणजे असीरगड जिंकणाऱ्या बादशहाच्या अत्तरखान्यात धूर हा दोष मानत होते आणि तो काढून टाकायला मेहनत घेत होते. आज आपण तो मुद्दाम घालतो आणि त्याचे वेगळे पैसे मोजतो. मी चाचांना हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गल्ल्याखालून एक पितळी डबी काढली, तिच्यात उदाची चिमूटभर ढलपी होती.

कोळशावर अभ्रकाची चकती ठेवून त्यांनी ती ढलपी तापवली. धूर दिसलाच नाही म्हणावा इतका पातळ. वास मात्र गोड, बदामाच्या अंगाचा, थंड. तेलाशी त्याचं नातं होतं, पण तेल तसं नव्हतं. याचं कारण आहे. उंची उदात क्रोमोन जातीची जड द्रव्यं भरपूर असतात. ती पाण्याच्या वाफेबरोबर सहसा वर चढत नाहीत, म्हणून तेलात फारशी उतरत नाहीत. विस्तवावर ती तुटतात आणि त्यांतून बेन्झाल्डिहाइडसारखी सुगंधी द्रव्यं निघतात. कडू बदामाचा वास याच बेन्झाल्डिहाइडचा. आपण ऊद पिढ्यान्‌पिढ्या विस्तवावर हुंगत आलो, म्हणून तेलातही विस्तव शोधतो. माझ्या प्रश्नाचा एक धागा इथे हाती लागला.

निघताना चाचांनी तिन्ही तेलं कागदाच्या पट्ट्यांवर लावून वेगवेगळ्या पाकिटांत दिली. "रोज सकाळी हुंगा. रात्री नाही, रात्री नाक थकतं."

जाणार असाल तर: एका बैठकीत तीनच्या वर तेलं हुंगू नका. मध्ये स्वतःच्या बाहीचा वास घ्या, नाक जाग्यावर येतं. पाव तोळा घेऊन सुरुवात करा. अत्तरवाल्यांचा तोळा साधारण 12 मिलीलिटरचा असतो. गडद तेल पांढऱ्या कपड्यावर डाग सोडतं, म्हणून मनगटालाच लावा. पावती घ्या. अगरूची आसामी जात 1995 पासून साइटीस कराराच्या (धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये आहे, बाकीच्या जाती 2004 च्या निर्णयानं आल्या. परदेशी न्यायचं असेल तर नियम आधी बघावेत. आणि इथली माव्याची जिलबी हुंगाहुंगी झाल्यावरच खावी. काळपट, जाड, पाकात बुडालेली. एकीतच पोट भरतं, तरी दुसरी घेतली जाते.

शनिवार: गाडीत

भुसावळला येऊन सुरतेच्या गाडीत बसलो. जळगाव, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, मग दोंडाईचा. खिडकीतून दिवसभर कापूस, तूर आणि दादर, म्हणजे रब्बी ज्वारी. अमळनेरला एका आजींनी आमच्या बाकावर बोचकं टेकवलं आणि विचारलं, "कथा जाई राहिन्यात वं पोरीहो?" सारंगखेड्याला म्हटल्यावर त्यांनी घोड्यांबद्दल इतकी माहिती दिली की पुढची दोन स्टेशनं कधी गेली कळलं नाही.

सकाळी पट्ट्या हुंगल्या होत्या. डांबराची पट्टी होती तशीच. नागरमोथा बराच उतरला होता. आसामच्या पट्टीवरचा गोठा जवळजवळ गेला होता.

रात्री दोंडाईचाला शेवभाजी. काळ्या मसाल्याचा कट, वर तेलाचा तवंग, शेव शेवटच्या क्षणी टाकलेली. यापेक्षा चांगली मी खाल्लेली नाही.

रविवार: सारंगखेडा

दत्तजयंती होऊन गेली होती, पण यात्रा ऐन भरात होती. एकमुखी दत्ताच्या देवळापुढे रांग, आणि तापीकाठच्या मैदानात घोडे. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे. दावणीला बांधलेले, अंगावर झुली, कपाळावर गोंडे. पहाटेचं धुकं नदीवरून उठत होतं. घोड्यांच्या अंगातून वाफा निघत होत्या.

मी आले होते वासासाठी, आणि दावणीच्या पहिल्याच रांगेत थबकले. ओला कडबा, लीद, घोड्याचं मूत, त्यावर चामड्याचा खोगीर. शुक्रवारी मनगटावर पहिली पाच मिनिटं जे होतं ते सगळं इथे उघड्यावर मांडलेलं होतं. मैत्रीण म्हणाली, "हे बघ तुझं अत्तर." ती चेष्टा करत नव्हती, तिलाही ते तसंच जाणवलं होतं.

गोठ्याच्या वासात मोठा वाटा पॅरा-क्रेसॉल नावाच्या द्रव्याचा असतो. क्रेसॉल फिनॉल कुळातले आणि ग्वायाकॉलही त्याच कुळातला. लाकडाच्या धुरातही क्रेसॉल असतातच. त्यामुळे नाकाला गोठा आणि धूर यांची सीमा पुसट वाटते. हिंदी उदाच्या लाकडाचा भुगा उकळण्याआधी पाण्यात कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे भिजत ठेवतात. तो आंबतो, आणि गोठ्याचा वास त्या आंबण्यातून येतो. तेव्हा आपण ज्याला धूर म्हणतो त्यातला काही भाग विस्तवाचा नसतोच, तो हौदातला असतो. कंबोडियाचं तेल अनेकांना फळांच्या वासाचं, गोड लागतं त्याला जात जशी कारण आहे तशी ही भिजवायची पद्धतही.

खोगीरवाल्यांच्या रांगेत एका कारागिराकडे बराच वेळ बसलो. त्यांनी दोन पट्टे दिले. एक बाभळीच्या सालीत कमावलेला, दुसरा कारखान्यातला. पहिल्याला तुरट, लाकडी वास. दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही. परफ्यूमच्या जगात 'लेदर' म्हणून जो धुरकट वास ओळखला जातो तो मात्र दोन्हींत नव्हता. तो रशियन चामड्याचा. तिथे कातडं भूर्जाच्या डांबराच्या तेलानं मळत, त्यामुळे डांबराचा वास हाच चामड्याचा वास असं युरोपात रुजलं. कारागीर ऐकत होते. त्यांनी माझ्याकडून डांबराची पट्टी मागून घेतली, हुंगली आणि मान हलवली. "हे चामडं नव्हे ताई. हे जळकं लाकूड." वर्षानुवर्षं कातड्यात हात असलेल्या माणसाचा निकाल मी अंतिम मानते.

गोडीशेव घेतली, गुळाची, खुसखुशीत. दुपारी ऊन चढल्यावर वास इतके भडकले की पट्ट्या हुंगण्यात अर्थ उरला नाही.

जाणार असाल तर: सारंगखेड्यात मुक्कामाला खोल्या कमी, शहाद्याला किंवा दोंडाईचाला राहावं. सकाळी लवकर पोहोचा. घोड्यामागून जाऊ नका, आणि मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

सोमवार: धडगाव

शहाद्याहून धडगावची बस घाट चढायला लागली की सातपुडा आपलं रूप दाखवतो. साग पानं गाळत होता. डोंगरउतारावर वाळलेलं गवत कमरेएवढं उभं होतं. याच रानात रोशा वाढतो.

रोशा गवताचं तेल ही खानदेशाची जुनी ओळख. पश्चिम खानदेशात ओढ्याच्या काठी भट्ट्या लागायच्या, तेल मुंबईला जायचं, तिथून जहाजानं तुर्कस्तानाकडे. तिकडे ते गुलाबाच्या तेलात मिसळत. रोशात जिरॅनिऑल भरपूर, तेच गुलाबातही असतं, त्यामुळे भेसळ सहज पचायची. एकोणिसाव्या शतकातल्या सुगंधाच्या व्यापारात हे सर्वांना ठाऊक असलेलं गुपित होतं. डांबर घातलेल्या उदाची कुपी हातात घेऊन मी इथे आले होते, त्यामुळे हा इतिहास मला फार जवळचा वाटला.

बसमध्ये भेटलेल्या शिक्षकांनी एका पाड्यावरच्या आजोबांकडे नेलं. आजोबा पावरा आदिवासी, मराठी जेमतेम. शिक्षक दुभाषे झाले. लहानपणी त्यांनी वडिलांबरोबर भट्टीवर काम केलेलं. गवत फुलावर आलं की कापायचं. मोठ्या लोखंडी हंड्यात दाबून भरायचं, पाणी घालायचं, झाकण कणीक-मातीनं लिंपायचं, नळी ओढ्याच्या पाण्यातून फिरवून भांड्यात सोडायची. जाळ थेट हंड्याखाली.

"आणि करपलं तर?"

आजोबांनी हाताचा पंजा उपडा केला आणि जमिनीला घासून दाखवला. पाणी कमी झालं की खालचं गवत हंड्याच्या बुडाला चिकटायचं. हंडा तसाच राहिला तर सगळ्या तेलाला जळकट वास. व्यापारी झाकण उघडून एकदा हुंगायचा आणि भाव पाडायचा. आजोबांचे वडील म्हणून हंड्याच्या तळाशी काटक्यांची जाळी घालायचे, गवत बुडाला टेकू नये म्हणून.

मला जे हवं होतं ते या एका हाताच्या हालचालीत मिळालं. पाणी आहे तोवर 100 अंश. पण हंड्याचं बूड जाळावर असतं. भुगा तिथे बसला, पाणी आटलं, की तेवढ्या जागी लाकूड शंभर अंश केव्हाच ओलांडतं आणि करपतं. उदाच्या डेगीत, म्हणजे तेल काढायच्या हंड्यातही तेच होतं. म्हणून जाणते लोक तळाशी जाळी घालतात किंवा वाफ वेगळ्या बॉयलरमधून आणतात. लाकडाच्या जाळावर, जुन्या डेगीत काढलेल्या तेलाला धुराची जी किनार असते तिच्यातला बराचसा भाग हा बुडाचा असतो. ती किंचित असली तर तेलाला खोली येते, असं माझं मत आहे. जास्त झाली तर तो करपटपणा, मग विकणारा तिला कितीही जुनी परंपरा म्हणो.

आजोबांच्या घरामागे मोहाची हंडीही चुलीवर होती. मातीनं लिंपलेलं तोंड, बांबूची नळी, थंड पाण्यात ठेवलेलं भांडं. कनोजच्या डेग-भपक्याची, म्हणजे हंडा आणि तेल जमवायच्या भांड्याची, रचना हीच. त्या घरातल्या बाईंनी जाळ इतका बारीक ठेवला होता की मला आधी चूल विझली वाटली. त्या दर थोड्या वेळानं हंडीच्या पोटाला कान लावत होत्या. आवाज बदलला की पाणी आटत आलं.

जेवायला दादरची भाकरी, उडदाची डाळ, लाल मिरचीचा ठेचा. थंडी इतकी की भाकरी तव्यावरून ताटात येईपर्यंत निवायची, म्हणून सगळे चुलीलाच खेटून बसलो.

जाणार असाल तर: धडगावहून परतीच्या बसेस दुपारनंतर विरळ होतात, वेळ सकाळीच विचारून ठेवा. पाड्यावर ओळखीशिवाय कॅमेरा काढू नका. कानटोपी हवीच.

मंगळवार: नंदुरबार

मंगळवारी सकाळी, खोलीची खिडकी उघडून, तिन्ही पट्ट्या अखेरच्या हुंगल्या. डांबराच्या पट्टीवर पहिल्या दिवशीचा धूर तसाच होता. ना मागे गेला, ना त्याच्या आत काही उघडलं. नागरमोथ्याचा नुसता मातीचा ठसा उरला होता. आसामच्या पट्टीवर गोठा नाही, चामडं नाही. होता तो गोड, कोरडा, थोडा कडसर लाकडाचा वास, आणि अगदी कडेला धूर, बामणोदला वांग्याच्या गरातून आला होता तो तिसरा. ती पट्टी मैत्रिणीला दिली. शुक्रवारी मागे सरलेल्या तिनं ती परत दिलीच नाही.

उदाचं तेल घेताना मी आता एवढंच बघते. धूर पहिल्या क्षणी अंगावर आला आणि दुसऱ्या दिवशीही हलला नाही, तर तो बहुधा ओतलेला. आधी गोठा किंवा फळ, मग चामडं, आणि धूर त्यांच्या मधून येऊन विरला, तर तेलाला वेळ द्यावा. कोरडा करपट वास शेवटपर्यंत टिकला, तर डेगीचं बूड लागलेलं आहे. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. कागदाची पट्टी, पाकीट आणि तीन-चार सकाळी पुरतात.

दुपारी मिरचीच्या पथाऱ्या बघायला गेलो. शहराबाहेर मैदानंच्या मैदानं लाल झालेली. बायका तोंडाला फडकी बांधून मिरच्या उलथत होत्या, त्यांच्या चालण्यानं लाल धूळ उडत होती. शंभर पावलांवरूनच शिंका सुरू झाल्या. एका ताईंनी फडक्याचं टोक पाण्यात भिजवून दिलं आणि नाकाला धरायला सांगितलं. त्या दिवसभर त्याच हवेत काम करतात. डोळे, घसा, हाताची आग, सगळं सांगताना त्या उलथणं थांबवत नव्हत्या. पथाऱ्या देखण्या दिसतात म्हणून फोटो काढायला जाल तर आधी त्यांच्याशी चार शब्द बोला, आणि अर्धा किलो मिरची त्यांच्या मुकादमाकडून घ्या.

जाणार असाल तर: नंदुरबारमध्ये अत्तर हुंगायचं असेल तर पथाऱ्यांच्या आधी हुंगा. नंतर दोन दिवस नाक कामाचं राहत नाही. सुरत आणि भुसावळ, दोन्हीकडे जायला इथूनच गाडी मिळते.